थीम पार्कात सहा तोंडं, तीन ताटं

पहिल्यांदा थीम पार्कात गेलो तेव्हा मी सहा माणसांसाठी सहा ताटं मागवली. मी कॅन्टीन चालवते. रोज अडीचशे माणसांचा स्वयंपाक अंदाजाने काढते आणि दिवसाच्या शेवटी पातेल्यात शीतसुद्धा उरू देत नाही. पण त्या दिवशी दुपारचा सव्वा वाजला होता, पस्तीस मिनिटं रांगेत उभं राहून पायांचे तुकडे पडले होते, धाकटा खांद्यावर झोपला होता. काउंटरवरचा मुलगा "बोला" म्हणाला आणि मी बोर्डावरच्या पहिल्या सहा चित्रांवर बोट ठेवून मोकळी झाले. निम्मं अन्न टाकावं लागलं. पुतण्याने स्वतःचे आणि बहिणीचे असे दोघांचे फ्राईज संपवले, वर मोठा ग्लास कोल्ड्रिंक प्यायला आणि दहाव्या मिनिटाला गोल फिरणाऱ्या कपांत जाऊन बसला. उतरल्यावर काय झालं ते माझ्या ओढणीला विचारा. सासूबाईंना टेबलच मिळालं नाही, अनोळखी कुटुंबाच्या बाकाच्या टोकाला ट्रे मांडीवर घेऊन जेवल्या. परतताना म्हणाल्या, "अगं, पाळणे छान होते. जेवण मात्र शेवटच्या पंगतीसारखं झालं."

ते मला लागलं. धंदाच जेवणाचा, आणि घरच्यांना धड जेवू घालता येऊ नये?

त्यानंतर आम्ही आणखी चार वेळा वेगवेगळ्या पार्कांत जाऊन आलो. सहाजण कायम तेच: मी, नवरा, सासूबाई (शाकाहारी, मधुमेह, मतं ठाम), नववीतला पुतण्या, पाचवीतली लेक आणि चार वर्षांचा धाकटा. या चार वेळांत जे जमत गेलं ते लिहिते आहे. टेबलावर मेनूकार्ड आणून देणारी रेस्टॉरंटं यात धरलेली नाहीत. काउंटरवर मागवा, ट्रे उचला, मिळेल तिथे बसा, या खाण्याबद्दलच सांगते आहे. खरी गंमतही त्यातच असते, कारण एका दिवसात पाच-सहा निरनिराळ्या गोष्टी चाखून बघता येतात.

आदल्या संध्याकाळी

पार्कच्या ॲपवर नाहीतर संकेतस्थळावर नकाशा असतो आणि मोठ्या पार्कांचा मेनूही. आदल्या संध्याकाळी मी सगळ्यांना एका फोनभोवती बसवते. प्रत्येकाने एकच पदार्थ निवडायचा आणि तो का हवा ते सांगायचं. "चित्र छान आहे" हे कारण चालतं. "नेहमी खातो ना तेच" हे चालत नाही; नेहमीचं खायला घर आहे. सासूबाईंना सूट नाही, त्यांनीही निवडायचं. मग ते सहा पदार्थ नकाशावर कुठे मिळतात तिथे खुणा करायच्या आणि दिवसभर आपण ज्या वाटेने फिरणार त्या वाटेवर त्या कशा बसतात ते बघायचं. पार्क मोठं असतं हो. एका आईस्क्रीमसाठी उलटं चालत जाऊन परत येण्यात पाऊण तास जातो आणि चार वर्षांचं पोर त्यातला निम्मा रस्ता कडेवर असतं. सहापैकी दोन खुणा वाटेबाहेर पडतात. त्या सोडून द्यायच्या, आणि कुणाच्या सोडल्या ते लक्षात ठेवायचं. पुढच्या वेळी पहिला मान त्यांचा.

दुसरं काम म्हणजे बाहेरचं खाणं आत चालतं का ते बघणं. हे ऐकीव माहितीवर सोडू नका, कारण दोन नामांकित पार्कांचे नियमसुद्धा एकमेकांच्या उलट असतात. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये स्वतःचं खाणं आत नेता येतं. काचेची भांडी आणि सुटा बर्फ तेवढा नको. टोकियो डिस्नेलँडमध्ये डबा आत नेता येत नाही. डबा खायचा तर त्यासाठी प्रवेशद्वाराबाहेर वेगळी जागा आहे. ज्या पार्कात जाणार त्याच पार्काचा नियम वाचा. बाळाचं खाणं आणि वैद्यकीय कारणाने लागणारं खाणं यांना सहसा सवलत असते, तरी तीही वाचून घ्या आणि औषधांची चिठ्ठी बरोबर ठेवा.

मी बॅगेत काय नेते? रिकाम्या पाण्याच्या बाटल्या, कोरडी बिस्किटं, सफरचंदं, दोन जास्तीचे चमचे, एक लहान सुरी नेत होते ती तपासणीत काढून घेतली म्हणून आता नेत नाही. केळी नेऊ नका. दुपारपर्यंत बॅगेतल्या सगळ्या वस्तूंना केळ्याचा वास लागतो आणि खायला कुणी तयार नसतं.

गर्दीच्या आधी नाहीतर नंतर

माझ्या कॅन्टीनमध्ये एक वाजून पाच मिनिटांनी जी रांग लागते ती पावणेदोनपर्यंत हलल्यासारखी वाटत नाही. बारा वाजता आलेल्या माणसाला तेच जेवण, त्याच हातांनी, पाच मिनिटांत मिळतं. आत किचनमध्ये काही बदललेलं नसतं. फ्रायरची जाळी एका वेळी ठरावीक मालच तळते, तव्यावर ठरावीकच नग बसतात. बाहेर पन्नास माणसं असोत की पाचशे, घाणा आपल्या वेळेनेच उतरतो. थीम पार्कात हे शंभरपट होतं, कारण सगळे गेट उघडताच आत आलेले असतात आणि सगळ्यांच्या पोटात कावळे एकाच वेळी ओरडायला लागतात.

यात भलेभले चुकलेत. पॅरिसजवळचं डिस्नेलँड १२ एप्रिल १९९२ ला सुरू झालं तेव्हा लोक दिवसभर हिंडता हिंडता थोडंथोडं खातील असा अमेरिकेतला हिशेब तिथे लावला होता. युरोपातल्या पाहुण्यांना मात्र साडेबाराच्या सुमारास, सगळ्यांनी एकदम, नीट जेवायचं होतं. न्याहारीचंही तसंच. इथले लोक सकाळी फारसं खात नाहीत असं कुणीतरी सांगितलं होतं, म्हणून जागा कमी ठेवलेल्या. मग ३५० खुर्च्यांच्या रेस्टॉरंटमध्ये २५०० न्याहाऱ्या वाढायची पाळी आली. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या किचनमधल्या माणसांसाठी माझा जीव कळवळला.

उलट गोष्टही आहे. कॅलिफोर्नियातलं नॉट्स बेरी फार्म हे पार्क जेवणाच्या रांगेतूनच उभं राहिलं. कॉर्डेलिया नॉट यांनी १९३४ मध्ये आपल्या फळांच्या मळ्यावर घरच्या लग्नातल्या चिनी मातीच्या ताटांत आठ जणांना चिकनचं जेवण वाढलं. ते इतकं नावाजलं की लोक तासन्‌तास ताटकळू लागले. रांगेतल्यांचा वेळ जावा म्हणून त्यांचे यजमान वॉल्टर यांनी १९४० मध्ये मळ्यातच जुन्या वस्तीसारखं एक खोटं गाव उभारायला घेतलं. पुढे त्यातूनच पार्क वाढत गेलं. म्हणजे तिथे आधी जेवण होतं, पाळणे मागून आले. सासूबाईंना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "बघ, बाईचा स्वयंपाक आणि नाव पार्काचं."

तर आमचं वेळापत्रक. सकाळी गेटात शिरण्याआधी पोटभर नाश्ता. अकराच्या सुमारास पहिलं चाखणं, तेव्हा काउंटर नुकते उघडलेले असतात आणि तेलही ताजं असतं. खरं जेवण पावणेतीनला, गर्दी ओसरल्यावर. साडेपाचला काहीतरी गार. अकरा ते पावणेतीन हे अंतर मुलांना लांब वाटतं, त्यासाठीच ती बिस्किटं आणि सफरचंदं.

मिरवणूक, म्हणजे परेड, चालू असते तेव्हा काउंटर मोकळे असतात. ती संपल्यावर पाच मिनिटांत तिथे पाय ठेवायला जागा नसते. एकदा पाहिलेली परेड पुन्हा पाहायची नसेल तर ती वेळ जेवणाला द्या.

आणि प्रत्येक माणसाची भुकेची खूण ओळखून ठेवा. माझा धाकटा बूट काढायला लागतो. लेक भावाच्या कागाळ्या सांगते. पुतण्या गप्प होतो. नवरा नकाशा उलटा धरतो. यातल्या दोन खुणा एकदम दिसल्या तर पुढच्या राइडची रांग लावायची नाही, जवळचं काउंटर गाठायचं.

फोनवरून मागवताना

डिस्ने वर्ल्डने २०१७ मध्ये फोनवरून ऑर्डर घ्यायला सुरुवात केली आणि आता ही सोय इतरही मोठ्या पार्कांत आहे. तुमच्या पार्कात असेल तर जरूर वापरा. पदार्थ निवडायचा, न्यायची वेळ निवडायची, पैसे भरायचे. तिथे पोचल्यावर "आलो" असं कळवणारं बटण दाबायचं, मग आत केओटी, म्हणजे किचनसाठीची ऑर्डरची चिठ्ठी, निघते आणि बनवायला घेतात. दुपारच्या वेळा लवकर भरतात, म्हणून सकाळी दहालाच मागवून ठेवा.

चूक होते ती त्या बटणापाशी. मी पहिल्यांदा रांग टाळल्याच्या आनंदात लांबूनच बटण दाबलं. मग धाकट्याला लघवीला न्यावं लागलं, सासूबाई बसल्या त्या उठेनात, आणि आम्ही पोचेपर्यंत ट्रे काउंटरवर वीस मिनिटं निवत पडला होता. आता क्रम ठरलेला आहे: आधी हात धुणं, मग जागा, मग बटण. आणि पॉवर बँक चार्ज करून न्या. ऑर्डरचा नंबर फोनमध्ये आणि फोन बंद, अशी एक बाई मी डोळ्यांनी पाहिली आहे. तिला धड रागावताही येत नव्हतं.

काउंटरसमोर दोन मिनिटं नुसतं उभं राहा

कॅन्टीनवालीचा सगळा अनुभव इथे उपयोगी पडतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

रांगेत शिरण्याआधी बाजूला उभी राहून मी दोन मिनिटं नुसतं बघते. बोर्डावर वीस पदार्थ असले तरी प्रत्यक्ष बाहेर जाणारे ट्रे बघितले की त्यांत चार-पाचच पदार्थ पुन्हा पुन्हा दिसतात. त्यांतलाच एखादा घ्या. जो माल सारखा उठतो तो ताजा असतो. बोर्डाच्या कोपऱ्यातलं, कुणीच न मागवणारं काहीतरी वेगळं खाऊन बघण्याची हौस मलाही आहे, पण ते गरम दिव्याखाली सकाळपासून वाट बघत असण्याची शक्यता असते. बेन मारीत, म्हणजे अन्न गरम ठेवणाऱ्या गरम पाण्याच्या टाकीत, ठेवलेल्या भाजीवर किंवा सॉसवर सुकून साय धरली असेल तर ते बराच वेळ कुणी ढवळलेलं नाही. भात कडेला वाळून पिवळसर झाला असेल तर पुढे जा. पैसे घेणारा हात आणि अन्न उचलणारा हात वेगळा आहे का, नसेल तर मधे हातमोजा बदलतो का किंवा चिमटा वापरतो का, हेही दिसतं. मी काही अन्न निरीक्षक नाही, पण बघायला पैसे पडत नाहीत.

फ्राईजचं बघा. गेल्या वेळी आम्ही गेलो तर दिव्याखालच्या ट्रेमध्ये तळाशी मूठभर फ्राईज पडले होते, टोकं वाकलेली, रंग गेलेला. मागे फ्रायरमध्ये जाळी नुकतीच सोडलेली, तेल कडेपर्यंत फसफसत होतं. तळणीचा आवाज कान देऊन ऐका: सुरुवातीला तो जाड, ओला असतो, आतलं पाणी निघून गेलं की बारीक, कोरडा होत जातो. तसा झाला की घाणा उतरायला आला. मला वाटलं अजून मिनिटभर लागेल. माझ्या पुढच्या माणसाला मी म्हटलं, "तुम्ही घ्या आधी." त्याने आभार मानले. ट्रेमधली ती उरलेली मूठ त्याच्या पुड्यात गेली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण लेकीच्या हातात जो पुडा आला तो तिला दोन्ही हातांनी आलटूनपालटून धरावा लागत होता.

बिनमिठाचे मागा म्हणजे नवीन तळून द्यावे लागतात, अशी एक युक्ती बरेच जण सांगतात. काउंटरच्या आतल्या बाजूला आयुष्य गेलेल्या मला ती आवडत नाही. गर्दीत त्या पोराला जाळी वेगळी लावायला लागते, आणि नंतर तुम्हीच त्याच्यासमोर मिठाच्या पुड्या मागता. सरळ विचारा, "पुढचा घाणा कधी उतरेल? आम्ही थांबतो." आजवर कुणी तिरसट उत्तर दिलेलं नाही. उलट एकजण म्हणाला, "दोन मिनिटं, काकू, मी हाक मारतो," आणि खरंच मारली.

आता किती मागवायचं. सहा माणसांत तीन ताटं. ती संपेपर्यंत चौथ्याचं नाव काढायचं नाही. भूक उरली तर परत जाता येतं. उरलेलं अन्न मात्र परत करता येत नाही. जास्तीच्या रिकाम्या थाळ्या किंवा कागदी वाडगे आधीच मागून घ्या. सॉस, चीज, मसालेदार काही असेल तर वेगळं द्यायला सांगा, म्हणजे धाकट्यालाही त्यातलं खाता येतं. मुलांचं ताट मोठ्यांना देतात का ते विचारून बघा. बऱ्याच ठिकाणी देतात आणि सासूबाईंच्या पोटाला तेवढंच पुरतं.

वाटणी कुणी करायची? आमच्याकडे जो वाटणार तो स्वतःचा वाटा शेवटी उचलणार. हा नियम केल्यापासून पुतण्या पिझ्झाचे सहा तुकडे असे करतो की मोजपट्टी लावून घ्यावी.

शाकाहारी माणूस बरोबर असेल तर "यात मांस आहे का" एवढंच विचारून भागत नाही. तळणीचं तेल एकच आहे का, तवा एकच आहे का, सूप कशाच्या पाण्यात उकळलंय, हे विचारावं लागतं. सासूबाईंच्या फ्राईजसाठी मी दर वेळी तेलाचं विचारते, आणि दोनदा मासे त्याच तेलात तळतात असं उत्तर मिळालं. मग त्यांच्यासाठी भाजलेलं कणीस. ॲलर्जी असेल तर आणखी काटेकोर राहा. काउंटरवरच्या मुलाच्या "नाही बहुतेक" वर विसंबू नका. घटकांची यादी मागा नाहीतर किचनमधल्या मोठ्या माणसाला बोलवायला सांगा. युरोपीय संघात १४ ॲलर्जीकारक घटकांची माहिती देणं कायद्याने बंधनकारक आहे आणि अमेरिकेत तिळासकट ९ घटकांची गणना मुख्य ॲलर्जीकारकांत होते, पण अमेरिकेतला तो नियम पाकीटबंद मालाच्या लेबलासाठी आहे. उघड्या काउंटरवर तोंड उघडून विचारण्याला पर्याय नाही.

जागा, ऊन आणि पक्षी

नवरा आणि सासूबाई जागा बघायला पुढे जातात, मी आणि पुतण्या ट्रेकडे. काही पार्कांत अन्न हातात आल्याशिवाय टेबल अडवू देत नाहीत. तिथे हुज्जत घालू नका, म्हाताऱ्या माणसाला बसायचं आहे असं सांगितलं की तिथले लोक स्वतःच जागा करून देतात.

सावली बघताना आत्ताची नका बघू, पंधरा मिनिटांनंतरची बघा. कचऱ्याच्या डब्यापासून चार टेबलं लांब बसा, तिथे माशा आणि गांधीलमाश्या असतात. आणि पक्षी! आम्ही एकदा तळ्याकाठचं सुंदर टेबल धरलं. लेकीने सँडविच तोंडाकडे नेलं आणि एका पक्ष्याने पंखाचा फटका मारून वरचा अर्धा पाव उचलून नेला. ती रडायची थांबेना, पुतण्या हसायचा थांबेना. तळ्याकाठी टेबलं रिकामी का असतात ते तेव्हा कळलं.

जेवण झाल्यावर ट्रे मुलांनी न्यायचा. नेदरलँड्समधल्या एफ्टेलिंग पार्कात मोठ्या तोंडाचे बोलके कचऱ्याचे डबे आहेत, ते "कागद इकडे" म्हणून ओरडतात आणि कागद घातला की आभार मानतात. आम्ही गेलो तिथे असले डबे नव्हते, म्हणून डब्यामागे उभं राहून नवराच आवाज काढतो. धाकटा त्यापायी टेबलावरचे दुसऱ्यांचे कागदही गोळा करून आणतो.

पोट आणि पाळणा

कान सांगतो शरीर हलतंय, डोळे काहीतरी वेगळंच सांगतात, आणि मेंदूचा गोंधळ झाला की मळमळतं. त्यात तेलकट आणि भरपूर खाल्लेलं असलं की झालंच. म्हणून राइड आधी, जेवण नंतर. जेवणानंतर तासभर संथ गोष्टी: बोट, आगगाडी, बसून बघायचा खेळ. कोल्ड्रिंकचा मोठा ग्लास तर उलट्यापालट्या राइडआधी नकोच. पण म्हणून उपाशीपोटी बसवू नका, त्यानेही काहींना जास्त मळमळतं. दोन कोरडी बिस्किटं आणि चार घोट पाणी, एवढं पोटात हवं.

सासूबाई राइडमध्ये बसत नाहीत, पण दिवसभराचं चालणं त्यांची साखर खाली आणतं. त्यांच्या पर्समध्ये ग्लुकोजच्या गोळ्या असतात आणि माझ्या खिशात आणखी एक पाकीट, कारण एकदा पर्स लॉकरमध्ये राहिली होती. ज्यांची गोळी किंवा इन्सुलिन जेवणाला बांधलेलं आहे त्यांच्या वेळेप्रमाणे सगळ्यांचं वेळापत्रक हलवा. आमचं पावणेतीनचं जेवण त्यांच्या डॉक्टरांना विचारून ठरवलेलं आहे. त्यांना एक वाजता थोडं खायला लागतं आणि ते ठरलेलं असतं.

हात साबणाने धुवा, वीस सेकंद. राइडचा दांडा दिवसभरात किती हातांनी धरलेला असतो त्याचा विचार नको. सॅनिटायझर मी नेते, पण उलट्या-जुलाब पसरवणाऱ्या नोरोव्हायरससारख्या विषाणूवर तो फारसा चालत नाही, साबणच लागतो.

उरलेलं बांधून घेण्याची सवय आपल्याला असते. शिजलेलं अन्न बाहेर दोन तासांच्या वर ठेवायचं नाही, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. पार्कात उन्हाळ्यात बॅगेत ठेवलेला चिकनचा तुकडा संध्याकाळी खायचा नसतो, किती का महाग मिळालेला असेना. हे मी आमच्याच घरच्यांना तीनदा सांगितलंय.

पाणी मागा. अमेरिकेतल्या डिस्ने पार्कांत काउंटरवर बर्फाचं पाणी फुकट मिळतं. इतर ठिकाणी बाटल्या भरायचे नळ नकाशावर दाखवलेले असतात. तहानेला भूक समजून आम्ही पहिल्या वेळी किती कायकाय विकत घेतलं त्याचा हिशेब नको.

पॉपकॉर्नच्या बादलीचा मोह सगळ्यांना होतो. बादली एकदा घ्यायची आणि दिवसभर स्वस्तात भरून घ्यायची. तीनदा भरणार असाल तर घ्या, एकदाच भरायची असेल तर साधा पुडा पुरतो. गळ्यात अडकवायचा पट्टा असेल तरच घ्या, नाहीतर ती आईच्या हातात राहते. टोकियो डिस्नेलँडमध्ये वेगवेगळ्या गाड्यांवर वेगवेगळ्या चवी मिळतात, करी चवीचा पॉपकॉर्नसुद्धा, आणि लोक एकच बादली घेऊन गाडीमागून गाडी गाठतात. चाखण्याची ही पद्धत मला फार पटली. आमची लेक आता कुठेही गेलं की आधी विचारते, दोन चवी अर्ध्या-अर्ध्या भरून देता का? देतात.

गुणांची वही

तिसऱ्या वेळेपासून लेकीने एक छोटी वही सुरू केली. प्रत्येक पदार्थाला प्रत्येकाने दहापैकी गुण द्यायचे आणि एक वाक्य सांगायचं. चार वर्षांच्या धाकट्याचं वाक्य "अजून" किंवा "नको" एवढंच असतं आणि बहुधा तेच खरं निघतं. दालचिनीच्या गरम रोलला सगळ्यांनी नऊ दिले, सासूबाईंनी चार: "वास दहाचा, चव चारची." पुतण्याने हट्टाने घेतलेल्या हाडासकटच्या टर्कीच्या तंगडीला त्याने स्वतःच पाच दिले, कारण हात दुखले. गुण दिल्याने मुलं हळू खातात, हा मला झालेला फायदा. आणि पुढच्या वेळी आदल्या संध्याकाळी वाद कमी होतात, वही उघडली की झालं.

निघायच्या वेळेचं तेवढं राहिलं. पार्क बंद व्हायच्या आधीच बरेच काउंटर मिटतात, त्यामुळे शेवटचं खाणं तासभर आधी उरका. नंतर गाडी काढायची रांग लागते आणि त्या रांगेत काही मिळत नाही. गेल्या वेळी आम्ही त्या रांगेत पन्नास मिनिटं अडकलो. बिस्किटं संपली होती, धाकट्याने बूट काढले होते. सासूबाईंनी पर्समधून टिश्यूची एक पुरचुंडी काढली. मी डोळे मोठे केले. "पॉपकॉर्न आहे," त्या म्हणाल्या, "कोरडा. तुझा दोन तासांचा नियम शिजवलेल्या अन्नाला आहे ना?" मागच्या सीटवरून तीन हात पुढे आले, शेजारून एक. लेकीने वही उघडून मोबाईलच्या उजेडात पॉपकॉर्नचा सात खोडला आणि आठ केला.